फाटकावरची खंडेनवमी

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. तिथे सर्व्हर सांभाळणारा एक माणूस होता, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. एसी फक्त त्याच्याच खोलीत, त्यामुळे मे महिन्यात आम्हा अकाउंटवाल्या बायांना त्याची फार आठवण यायची. खंडेनवमीची यंत्रपूजाही त्याच्याच हातून व्हायची. लेथला हळदकुंकू, सर्व्हरला झेंडूचा हार.

मग शेटचा मुलगा बाहेरून शिकून आला आणि सगळं क्लाऊडवर न्यायचं ठरलं. म्हणजे आपले सर्व्हर काढून टाकायचे आणि दूर कुठल्या तरी कंपनीचे भाड्याने वापरायचे. हे काम केलं कोणी? भाऊनेच. आणि गाढवाने मन लावून केलं. बिलं, पगार, हजेरी, सगळं वर चढवलं. आता हे काम बघणाऱ्या पुण्यातल्या एका पोरीला व्हिडिओवर बारीकसारीक शिकवलं. मी एकदा म्हटलंही, की तुम्ही स्वतःचीच खोली रिकामी करताय. शेटने शब्द दिलाय, म्हणून हसला. शेटचे शब्द मला चांगले ठाऊक होते, पण ऐकतो कोण.

खंडेनवमीच्या सकाळी तो नवा सदरा घालून, हार-नारळ घेऊन आला. फाटकावरचं चेहरा बघून हजेरी घेणारं मशीन त्यानेच बसवलेलं. त्यावर लाल दिवा लागला. त्याने चष्मा काढून पुन्हा चेहरा दाखवला. पुन्हा लाल. चौकीदार त्याच्याच गावचा, खाप्याचा. तो खाली बघत म्हणाला, "भाऊ, मशीन तुमाले घेऊन नाही राहिली. मी काय करू?"

आम्ही सगळे आतून बघत होतो. शेटच्या मुलाने घड्याळ पाहिलं आणि मुहूर्त टळतोय म्हणाला. चौकीदाराकरवी हार-नारळ तेवढे आत घेतले. सर्व्हर आदल्या आठवड्यातच भंगारात गेला होता, म्हणून हार त्या हजेरीच्या मशीनलाच घातला. नारळ फुटला, पेढे वाटले. गजांपलीकडे भाऊ चपला काढून हात जोडून उभा. मला त्याची कीव नाही आली, संताप आला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याची ती पोरगी होती. पगाराच्या फायली उघडत नव्हत्या. आता तरी हाण शिव्या, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. त्याने तिला पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर सावकाश. उघडल्याची खात्री करून घेतली, मगच फोन ठेवला. मग चौकीदाराला म्हणाला, "शेटले सांग गा, चालू झालं म्हणा."