वस्तीवर उतरलेले पाइप

कचेरीत आला की तो खुर्चीवर बसायचा नाही. पायताण दाराशी काढायचा, माझ्या टेबलावर पंजा आपटायचा आणि म्हणायचा, "मी चालून आलोय सायेब. तुमी बसून सांगू नका." मग मला उभं राहावं लागायचं. शिरूर कासारच्या पंचायत समितीत, पाणीपुरवठ्याच्या त्या खोलीत मी बरीच वर्षं लिपिक होतो. तिथं उभं राहून ऐकलं ते फक्त त्याचंच.

साठीचा मेंढपाळ होता तो. डोंगराच्या पलीकडं पंधरा-वीस घरांची वस्ती, तिथं विहीर होती पण फेब्रुवारीनंतर तिच्यात फक्त कबुतरं राहायची. दिवाळी झाली की हा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचा, थेट पुण्याच्या अंगाला, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. तुम्ही-आम्ही जे पेपरात वाचतो, ते तो पायांनी बघून यायचा.

"तिकडं एका गावाला दोन-दोन टाक्या हायत," तो सांगायचा. "गोठ्यात नळ, मसणवाट्यात नळ. योजना दिल्लीची म्हणता ना? मग दिल्लीहून ते जवळ अन् आमी लांब, आसं कावून?"

"बाबा, त्याला निकष असतात."

"ह्यो निकष कोण? कुठं बसतो? मी जातो त्याच्याकडं."

खोलीतले सगळे हसायचे. मीही हसायचो. तो हसायचा नाही.

राग तर त्याच्या नाकावर असायचा. एका जूनमध्ये पाऊस लांबला आणि वस्तीचा टँकर आठवडाभर आला नाही, तेव्हा तो सरळ आमच्या साहेबांच्या दालनात शिरला. तिथला थंड पाण्याचा जार त्यानं उचलला आणि पायऱ्यांवर आणून आदळला. शिपाई धावला तर त्याला कोपरानं ढकललं. "आता बसा सांजंपस्तोर बिनपाण्याचं," तो ओरडला. साहेब बारालाच घरी गेले. पोलिसांनी त्याला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं, दोन कानफटात दिल्या. सुटल्यावर तो पुन्हा माझ्याकडं आला. "टँकरचं काय झालं?" त्याचा गाल सुजलेला होता. टँकर दुसऱ्या दिवशी गेला.

शेवटी एकदाची वस्तीची नळयोजना मंजूर झाली. काळे, निळ्या पट्ट्यांचे पाइप ट्रकनं आले आणि वस्तीच्या माळावर उतरले. त्या दिवाळीनंतर तो पश्चिमेला गेलाच नाही. मेंढरं अर्धपोटी राहिली, पण पाइप सोडून जायला तो तयार नव्हता. "मी गेलो आन् हे बी गेले तर?" असं म्हणायचा. मला वाटायचं, म्हातारा उगाच घाबरतोय.

मग वरून फोन आला. जिल्ह्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्याच्या गावात, कारखान्याच्या बाजूला, जुनी लाइन बदलायची होती. त्या गावात नळ होते, टाकी होती, कालवासुद्धा होता. साहेबांनी मला मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला: 'कामाची निकड पाहता सदर साहित्य स्थलांतरित करण्यात यावे.' एवढं एकच वाक्य.

ते पत्र त्याला कुणीतरी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो आला, पण पंजा आपटला नाही.

"सही कुणाची?"

"साहेबांची."

"अन् लिवलं कुणी?"

"मी."

त्यानं माझ्या कानाखाली अशी मारली की चष्मा कपाटाखाली गेला. "जा आता पोलिसात," तो म्हणाला. मी गेलो नाही. बायकोला सांगितलं, दाराला धडकलो.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला वस्तीवर पाठवलं. पाइप उचलल्याची पोच घेऊन यायची होती. मी कचेरीच्या गाडीनं पोचलो तेव्हा दोन ट्रॅक्टर आणि एक जीप उभीच होती. जीपमधून सहा-सात जण उतरले. ठेकेदाराचा मुकादम पुढं होता. म्हातारा पाइपांच्या ढिगावर बसला होता, खाली त्याची मेंढरं होती, आणि बाजूला त्याची बायको आणि वस्तीवरच्या बाया. गडीमाणसं ऊसतोडीला गेलेली.

"उठ बे म्हाताऱ्या."

"हितं उतरलेत. हितंच पुरायचे."

मुकादमानं त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढलं. तो पडला, उठला आणि हातातली काठी त्यानं मुकादमाच्या डोक्यावर घातली. रक्त भळभळ वाहायला लागलं. मग बाकीचे तुटून पडले. लोखंडी गज होते त्यांच्याकडं. गज हाडावर बसल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वस्तीवरची एक म्हातारी मधे पडली, तर तिचा हात पिरगाळून तिला दगडांवर फेकलं. तरी म्हातारा मिळेल त्याला चावत होता, माती फेकत होता, शिव्या देत होता.

कुणीतरी ओरडलं, "घाल रे ट्रॅक्टर!"

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर मेंढरांतून घातला. ती पळाली नाहीत. मेंढरं घाबरली की एकमेकांत घुसतात, तशी घुसली, आणि चाक त्यांच्यावरून गेलं. म्हातारा "आरं माजी लेकरं!" म्हणत तसाच खुरडत चाकासमोर गेला. ट्रॅक्टर थांबला, तेव्हा त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत चाकाखाली होता.

मी जीपजवळ उभा होतो. माझ्या हातात पोचेचा कागद होता. त्याची बायको माझ्याकडं बघून ओरडली, "सायेब, तुमी सरकारचे ना? सरकारचे ना तुमी?"

जीपवाले पळाले, मुकादमाला घेऊन गेले. मी आणि बायांनी म्हाताऱ्याला घोंगडीत घालून कचेरीच्या गाडीत ठेवलं. वाटभर तो शुद्धीत होता आणि किती मेंढरं मेली ते विचारत होता.

पोलिसांचा कागद तयारच होता: चराईवरून दोन गटांत भांडण. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. साहेब स्वतः चौकीत आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या नोकरीची किती वर्षं राहिलीत? गप सही करा." मला तो एका वाक्याचा मजकूर आठवला. मी फौजदाराकडं कोरा कागद मागितला आणि जे दिसलं ते लिहिलं. पत्र मीच टाइप केलं होतं, हेही लिहिलं.

त्या जबाबामुळं गुन्हा नीट नोंदला गेला, आणि पाइप झाले मुद्देमाल. पोलिसांनी त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं आकडे टाकले आणि वस्तीवरच ठेवून दिले.

मी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो तेव्हा त्याचा पाय काढला होता. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं. मी खाटेशी उभा राहिलो.

"बसा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला बसा म्हटलं. "पाइप हायत का?"

"आहेत. जप्त केलेत. आता कोर्टाच्या हुकमाशिवाय पुढाऱ्याचा बापही हलवू शकत नाही."

तो हसला. हसताना बरगडीतली कळ त्याच्या तोंडावर आली. "म्हंजी सरकारनं पयल्यांदा आमच्या माळावर कायतरी राखलं बगा."

मग माझा कान निरखून म्हणाला, "लई लागलं व्हतं का?"

"नाही बाबा."

"खोटं बोलता," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. जखमेचं विष अंगात भिनलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला.

ड्रायव्हर आणि तिघं तुरुंगात गेले. जीप कुणाची होती, ते कुठल्याच कागदावर आलं नाही. माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, परळीला झाली. तिथं खिडकी पुसली तरी तासाभरात वीजकेंद्राच्या राखेचा थर बसतो. दीडेक वर्षानं कोर्टानं पाइप मोकळे केले, आणि त्यांना पुन्हा हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ते वस्तीवरच पुरले गेले.

पाणी सोडायच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. नवी कनिष्ठ अभियंता आली होती, जेमतेम पंचविशीची मुलगी, हातात मोबाइल. प्रत्येक घराच्या नळाचा फोटो आणि माहिती तिला तिथूनच भरायची होती. म्हाताऱ्याच्या दारात नळ आधी नुसता फुसफुसला, मग गढूळ पाणी आलं, मग निवळ. त्याच्या बायकोनं घागर लावली नाही. धारेखाली हात धरून ती उभी राहिली.

"आजी, कुटुंबप्रमुखाचं हे नाव बरोबर आहे ना?" मुलीनं यादीतलं नाव वाचलं. नाव त्याचंच होतं.

"बराबर हाय."

"ते आहेत का घरी? फोटोत लागतील."

बाईनं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाईत," ती म्हणाली.

मुलीनं पडद्यावर बोट फिरवलं. हजर आणि गैरहजर, असे दोनच रकाने होते. तिनं 'गैरहजर' दाबलं आणि ती पुढच्या घराकडं गेली.