बुलडोझरचं हार्मोन

घरसामान हलवणाऱ्या टोळीत त्याला सगळे बुलडोझर म्हणत. लोखंडी कपाट एकटा पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि वर पोचला की खालच्यांना हिणवायचा.

घरात फ्लू शिरला तेव्हा नवरा-बायको एकदमच आडवे झाले. बायको तीन-चार दिवसांत उठून शिलाई मशीनवर बसली. हा रजईत कण्हतच होता.

"अहो, डॉक्टरकडे चला."

"काही नको. पुरुषाच्या अंगात रग असते. पळेल आपोआप."

रग पळाली, आजार तिथंच राहिला. चार शब्द बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा बायकोनं धाकट्या दिराला बोलावलं आणि दोघांनी त्याला गाडीत कोंबून हॉस्पिटल गाठलं. ऑक्सिजन लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "टेस्टोस्टेरॉन बरंच कमी आहे. म्हणजे पुरुषी हार्मोन."

बुलडोझरनं मास्क बाजूला सारला. "बाई, हे हिला सांगू नका."

"ही इथंच उभी आहे," बायको म्हणाली.

बाईंनी हसू दाबलं. "खूप आजारी पुरुषांत असं बऱ्याचदा दिसतं. हार्मोन कमी म्हणून आजार वाढतो, की आजारानं हार्मोन उतरतं, ते अजून पक्कं ठरलेलं नाही."

"मग ठोका की एक इंजेक्शन!"

"मुळीच नाही. आधी फुप्फुसं बरी होऊ देत. मग पुन्हा तपासू."

बाई गेल्यावर तो हळूच म्हणाला, "घाबरलो होतो गं."

"हार्मोनला?"

"आधी मरणाला. मग हार्मोनला."

घरी आला तरी खुर्ची सरकवताना घाम फुटायचा. पुढं ताकद परतली, दुसऱ्या तपासणीत आकडाही वर आला. तेव्हा टोळी भेटायला आली.

"वहिनी, याला नक्की झालं काय होतं?" मुकादमानं विचारलं.

बायकोनं तोंड उघडलं मात्र, ती तिखटमीठ लावेल या धास्तीनं बुलडोझरच बोलून गेला, "फ्लूनं छाती धरली. आणि हार्मोन उतरलं होतं. पुरुषी."

आता खिदळतील म्हणून तो मान खाली घालून बसला. पण कुणी हसेचना. सगळे एकदम चहात बुडाले.

मंडळी उठली. जरा वेळानं मुकादम एकटाच परतला. छत्री राहिली म्हणाला. छत्री त्याच्या हातातच होती.

"ती तपासणी... कुठं करतात रे?"

बुलडोझर पत्ता सांगतोय तोवर दारात टोळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर उभा. त्याच्यामागं आणखी एक जण.

मशीनवरून मान न उचलता बायको म्हणाली, "भाऊजी, रांगेनं या."