साडूने बुजवलेली नाली

माझ्या साडूने मला फसवलं. तेही इतक्या प्रेमाने, की फसवून झाल्यावर चहाही त्यानेच पाजला. मोताळ्याकडच्या जंगलातले कच्चे रस्ते दुरुस्त करायचं कंत्राट त्याच्याकडे असतं. आभाळ भरून आलं की आम्ही पिकाकडे बघतो, हा हात जोडतो. जेवढा मोठा पाऊस, तेवढा मोठा पुढच्या दुरुस्तीचा खर्च. लग्नात पंगतीला बसण्याआधीसुद्धा तो मांडवाची रुंदी पावलांनी मोजून घेतो. रस्त्याकडेची नाली मात्र त्याला डोळ्यासमोर नको. माझ्याकडून घेतलेला मुरूम त्याने रस्त्यावर कमी आणि नालीतच जास्त ओतला. मी भडकलो, ‘‘अबे, पाणी जाईल कुठून?’’

‘‘साडूभाऊ, साहेब रुंदी मोजते, नाली नाही मोजत. आन् पाणी काय, घरचंच माणूस हाये. येऊ द्या रस्त्यानं!’’

अतिवृष्टी झाली. ते घरचं माणूस रस्त्यानेच आलं आणि जाताना रस्ता घेऊन गेलं. साहेब पाहणीला आले, तेव्हा साडू मान खाली घालून म्हणाला, ‘‘साडूचा मुरूम कच्चा निघाला, साहेब.’’ डोक्यावर घमेली वाहून मी मुरमाच्या धंद्यासाठी टिप्पर घेतला होता. त्या दिवसापासून टिप्पर दारात उभा आहे. माझा मुरूम कुणी घेत नाही.

त्याच रस्त्यापलीकडे आमची सासू एकटी राहते. धोंड्याच्या महिन्यात तिने दोघा जावयांना जेवायला बोलावलं. रस्ता तुटला होता तिथेच आम्ही अडकलो. पलीकडून डबा घेऊन ती ओरडली, ‘‘काऊन बाप्पा, दोघा जावयांनी रस्ता केला, आन् दोघंही उपाशी?’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडू मात्र हसत कमरेएवढ्या पाण्यात उतरला, स्वतः चिंब भिजला, डबा डोक्यावर कोरडा आणला आणि पहिला धोंडा माझ्या तोंडात घातला. शिवी द्यावी, तर तोंडात पुरण! तरीही मी गाडीतली पहार काढून बुजलेल्या नालीत हाणली. टणकन् मागे आली. एवढं पाणी खाऊनही माझा मुरूम दगडासारखा बसला होता. साडूने ते पाहिलं आणि म्हणाला, ‘‘धोंडे थंडे होऊन राह्यले, साडूभाऊ.’’

आता दुरुस्तीचा खर्च दुपटीवर गेला आहे आणि काम पुन्हा त्यालाच मिळणार आहे. पुढचा धोंड्याचा महिना यायला तीन वर्षं आहेत. तोवर म्हातारी असेल-नसेल, एका ताटाशी आम्ही बसू-न बसू. हा माणूस शेजारी नसला तर धोंडे मला गोड लागणार नाहीत, हेही खरं. पण साडू, त्याआधी साहेबांना घेऊन त्या नालीवर ये आणि सगळ्यांसमोर सांग, रस्ता कुणी खाल्ला? माझ्या मुरमाने, की तू?