विचारलं तेवढंच

वहिनीला साधं "भाजीत मीठ घातलंस का?" असं विचारलं तरी ती हातातलं काम बाजूला ठेवायची, पाठ ताठ करायची, दोन्ही हात मांडीवर घ्यायची, आपल्या डोळ्यांत बघायची आणि मगच बोलायची. "हो, घातलंय." संपलं. किती घातलं, चव बघितली का, आणखी हवं का, यातलं अक्षर नाही. दिघाशी या आमच्या गावात आळीतल्या बायकांना एका प्रश्नाला चार घरांच्या बातम्या जोडून उत्तर द्यायची सवय. त्यांचं एकमत झालं की दादानं शिष्ट बायको केली. वहिनी शिष्ट मुळीच नव्हती. ती सराव करत होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडप्याच्या बाजूची आमची जमीन गोदामाला गेली, त्या पैशांवर तो अमेरिकेत शिकायला गेला. तिथंच नोकरीला चिकटला, बऱ्याच वर्षांनी तिथला नागरिक झाला आणि डोक्यावरचे केस विरळ झाल्यावर लग्नाला उभा राहिला. मुलगी पडघ्याची, नाव भारती. लग्नात दादानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं ‘सानिका’ असं लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सानिका झाली. आईनं घरात सगळ्यांना बजावलं की जुनं नाव आता कुणी काढायचं नाही. पुढे सरकारी कागदांवर, पासपोर्टवरही तेच नाव चढलं. दादाची रजा संपली, तो गेला. वहिनी व्हिसा येईपर्यंत आमच्याकडे राहिली.

"पाव्हणीच हाय ती," आई येईल त्याला सांगायची, "आज हाय, उद्या न्हाय." पाहुणी पहिल्याच आठवड्यात आईच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली. दादाकडे कुकर नाही हे कळल्यावर मात्र ती हादरली होती. माणूस इतकी वर्षं परदेशात राहतो आणि डाळ पातेल्यात शिजवतो! तिनं भिवंडीतून नवा कोरा कुकर आणला, खोक्यासकट पलंगाखाली ठेवला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं मला सांगितलं.

मी वडप्याला एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंगला आहे. तिथल्या मैत्रिणीनं मला भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आपांचं नाव सांगितलं. आपांच्या दोन्ही मुली लग्न होऊन परदेशी गेलेल्या. त्यांच्या व्हिसाच्या मुलाखतींची तयारी आपांनी घरीच करून घेतली होती, तेव्हापासून नवरा बाहेरदेशी असलेली गल्लीतली प्रत्येक मुलगी त्यांच्याकडे येऊन बसायची. आपा खिडकीच्या गजांपलीकडे ओट्यावर खुर्ची टाकून साहेब व्हायच्या, मुलगी आतल्या खोलीत उभी. पाठीमागच्या भिंतीपलीकडे माग चालू. त्या खडखडाटात उत्तर ऐकू आलं नाही की आपा हात कानाला लावायच्या. "वहाँ काच असते बेटा. जोरात बोल, लेकिन भांडू नकोस."

पहिल्या दिवशी आपांनी विचारलं, "शौहर का नाम?" वहिनी लाजली, पदर सारखा केला आणि चक्क उखाणा घेऊ लागली. आपा इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग मात्र कडक झाल्या. हात मांडीवर किंवा पोटाशी, नजर समोर, आणि "जितकं विचारलं तितकंच. जास्ती बोली तो फसी." हे वाक्य वहिनीनं घरी आणलं. तेच ते भाजीतलं मीठ. मी वैतागून एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, मी काय साहेब आहे?" ती शांतपणे म्हणाली, "नाही." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

फॉर्म भरायचं काम एका एजंटाकडे होतं. तो फोनवर वहिनीला एकेक प्रश्न विचारत होता. आणखी कुठलं नाव वापरलंय का, असं त्यानं विचारलं तेव्हा आई शेजारीच तांदूळ निवडत होती. वहिनी काही बोलायच्या आत आईनं फोन ओढून घेतला. "आमच्या सुनंचं नाव सानिका. दुसरं नाव कशाला असंल तिला?" पुढचा प्रश्न होता, याआधी कधी व्हिसा नाकारलाय का? वहिनी म्हणाली, "नाही."

खरं म्हणजे नाकारला होता. लग्नाआधी पडघ्याच्या मुलींचा एक नाचाचा चमू तिकडच्या मराठी लोकांच्या गणपतीला जाणार होता, आणि चमूला सरसकट नकार मिळाला होता. हे वहिनीनं लपवलं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्याकडे मुलगी सासरी येते तेव्हा तिचं आधीचं सगळं उंबऱ्याबाहेर राहतं, असंच सगळे वागतात. तिची सख्खी आईसुद्धा लग्नानंतर तिला सानिका म्हणायला लागली होती. नकार मिळाला तो भारतीला. प्रश्न विचारत होते ते सानिकाला. ती तिच्या परीनं खरंच बोलत होती.

वकिलातीत मी बाहेर थांबले होते. आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. काचेपलीकडे एक बाई होत्या, मराठी चांगलं बोलत होत्या. लग्न कुठं झालं, नवरा काय करतो, सगळं सुरळीत. मग त्यांनी विचारलं, याआधी कधी व्हिसा मागितला होता? वहिनी म्हणाली, नाही. त्या बाई समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. बोटांचे ठसे नाचाच्या चमूच्या वेळीच घेतलेले होते. नाव बदललं होतं, पण बोटं तीच होती.

"भारती कोण?" त्यांनी विचारलं.

"मी होते," वहिनी म्हणाली.

आणि गप्प बसली. कारण विचारलं होतं तेवढंच. तांदळाचं ताट, आईचा फोन, नाचाचा चमू, यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. हातात कागद मिळाला. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवू पाहिल्यामुळे ती कायमची अपात्र ठरली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनीनं साडी बदलली, पलंगाखालचं खोकं ओढलं, कुकर काढून घासला आणि त्यात आमच्यासाठी डाळ लावली. शिटी झाली तशी आई पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेली. फोन तिनं ओढून घेतला होता हे तिला कुणी बोललं नाही. वहिनी तर नाहीच. पण त्यानंतर आई तिला कुणाजवळही ‘पाव्हणी’ म्हणाली नाही.

आपांना कळलं तेव्हा त्या स्वतः रिक्षा करून दिघाशीला आल्या. वहिनीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "गलती माझी पण हाय. मैंने तुझे छोटा बोलना सिखाया. लेकिन तुझं खरं तर लांबलचक होतं. आता पूरा बोल. एकदम शुरू से. साहेब ‘पुरे’ म्हणेल तवर थांबू नकोस." वहिनीनं मान हलवली. एक शिस्त सोडून दुसरी धरणं तिला जमायचं, हे मला नंतर दिसलं.

माफीची एक वाट होती. तिकडे तिला वेव्हर म्हणतात. दादानं तिथला वकील गाठला, आणि वकिलानं जे सांगितलं ते ऐकून आम्ही सगळे चक्रावलो. बायको इकडे किती रडते याला त्यात काही किंमत नाही. तिथल्या नागरिकाचे, म्हणजे दादाचे, तिच्यावाचून किती हाल होतात ते दाखवायचं. तेही साधे हाल नकोत, भयंकर हवेत. आता आमचा दादा म्हणजे लहानपणी विळा लागून बोट फाटलं तरी "काय न्हाय" म्हणणारा. त्यानं वकिलाला लिहून दिलं होतं, ‘मला पत्नीची आठवण येते.’ वकील म्हणाला, एवढ्यावर माफी मिळत नाही.

तेव्हा वहिनी स्वतः साहेब झाली. दर रविवारी सकाळी ती भाकऱ्या थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि दादाची मुलाखत घ्यायची.

"जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? पूर्ण सांगा. कोण होतं बरोबर?"

सुरुवातीला दादा चिडायचा. मग हळूहळू बोलायला लागला. कामावरून आल्यावर तो घरासमोर गाडी लावतो आणि गाडीतच बसून राहतो, कारण आत गेल्यावर कुणी ‘आलास का’ म्हणत नाही. सुटीच्या दिवशी तो विनाकारण दुकानात जातो, तेवढीच पैसे घेणारी मुलगी ‘कसे आहात’ म्हणते. हे सगळं तो तोंड दुसरीकडे करून सांगायचा. वहिनी भाकरी उलटायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

एका रविवारी तिनं विचारलं, "पोटावर हात का ठेवताय सारखा?" बरंच उलटसुलट केल्यावर बाहेर आलं की पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातून घरी न्यायला माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत, आणि हे साहेब कुणाला सांगायचं म्हणून तिथंच खोळंबून बसले होते. शेवटी ऑफिसातला एकजण आला. आई चुलीपाशी होती, ती तरातरा पुढे आली. "आरं, पोट फाडलं न् आयशीला सांगलं न्हायस?" दादा म्हणाला, "काय सांगायचं आई, तू काय येणार होतीस?" आणि मग तो रडला. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं. वहिनीचा तवा जळत होता, तिनं तो उतरवला नाही.

ते सगळं दादानं लिहिलं, डॉक्टरांचे कागद जोडले, अर्ज गेला. पुढे नुसती वाट बघणं. त्या काळात वहिनी आमचं घर चालवत होती. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब तिनं घातले. माझी शिफ्ट पहाटेची असली तरी डबा तयार असायचा. संध्याकाळी आई तिच्याशिवाय जेवायला बसायची नाही. ‘पूरा बोल’ तिच्या अंगी इतकं भिनलं होतं की आता मिठाचं विचारलं तर कुठल्या पुड्यातलं, किती चिमट्या आणि कुणाला कमी लागतं, इथपर्यंत सांगायची. आळीतल्या बायकांनी तिला शेवटी आपल्यात घेतली. मला सारखं वाटायचं, दादाचे हाल मोजायला एक अख्खं ऑफिस बसलंय. ती गेल्यावर आमचे जे होतील त्यांचा अर्ज कुठे करायचा? दादाचं भलं व्हावं असं मनापासून वाटायचं, आणि ते कागद हरवावेत असंही वाटायचं. दोन्ही खरं होतं.

कागद हरवले नाहीत. माफी मिळाली. वहिनी पुन्हा वकिलातीत गेली. या वेळी काचेपलीकडे एक तरुण गृहस्थ होते. त्यांनी फक्त नाव विचारलं. वहिनीनं तांदळाच्या ताटापासून सुरुवात केली. पडघा, नाचाचा चमू, सासूबाईंनी ओढलेला फोन, भारती, सानिका, सगळं. त्यांनी मधे एकदा हात वर केला, पण थांब म्हणाले नाहीत, म्हणून ती थांबली नाही. शेवटी ते हसले आणि म्हणाले की कागदांत सगळं आहे, पण ऐकून बरं वाटलं. ही हकिगत आपांना सांगितली तेव्हा त्यांनी वहिनीच्या तोंडात खजूर घातला आणि कितीतरी वेळ तिचा हात सोडला नाही.

निघायच्या दिवशी दारात गाडी उभी होती. बॅगा चढल्या होत्या. कुकर मी पुन्हा खोक्यात घालून दिला होता, तो वहिनीनं काढून ओट्यावर ठेवला. "हा इथला झालाय," म्हणाली. मग ती आईसमोर पाटावर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आई, मी गेल्यावर तुम्हाला त्रास होईल का?"

"न्हाय," आई म्हणाली.

"पूर्ण सांगा."

"न्हाय म्हनलं ना. कसला तरास? इतकी वरसं तू कुटं व्हतीस?"

वहिनी हलली नाही. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"आई, खोटं सांगितलं की माणूस अडकून राहतं. मी राहिले ना?"

आईनं पदरानं आधी वहिनीचा चेहरा पुसला, मग स्वतःचा.

"मंग मी ऱ्हाते अडकून," ती म्हणाली. "तू जा."

वहिनीनं पुढचा प्रश्न विचारला नाही. ती वाकली, आईच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, तेल चोळताना ठेवायची तसेच, आणि उठून गाडीत जाऊन बसली.