आर्णीच्या वर्गात विचारलेला प्रश्न

‘पोरींना इंग्रजीत प्रश्न विचारता येत नाहीत, दोन दिवस शिकवायला ये,’ असं आर्णीच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण अर्चना म्हणाली आणि मी नाशिकहून निघाले. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून नेरमार्गे यवतमाळची एसटी, तिथून आर्णीची. नेरच्या स्टँडवर पोहे खा, पण वर ओततात ती तिखटजाळ तर्री वेगळी मागा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बसमध्ये बोलणं एकच, बोंडअळीनं कापूस खाल्ला.

वर्गात नेहमीच्याच चुका. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ इंग्रजीत ‘आर’ आधी, ‘यू’ नंतर, हे पक्कं करून घेतलं. मग ‘डिड’ घालून एकेकीला प्रश्न विचारायला सांगितला. मागच्या बाकावरची वंदना उठली.

‘डिड ही डाइड अलोन?’

‘डिडनंतर डाय,’ मी सवयीनं म्हणाले.

‘डिड ही डाय अलोन?’ तिनं सावकाश म्हटलं. सगळा वर्ग खाली बघत होता. हा नुसता सरावाचा प्रश्न नाही, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

जेवताना अर्चनानं सांगितलं. वंदनाचा भाऊ गजानन मजुरीनं कापसावर फवारणी करायचा. गेल्या हंगामात विषबाधा होऊन तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोसळला. रस्त्यानं जाणाऱ्या एका परदेशी फोटोग्राफरनं त्याला गाडीत घालून दवाखान्याकडे नेलं. गजानन वाटेतच गेला. तो फोटोग्राफर उद्या पुन्हा आर्णीला, शाळेतच येणार होता.

‘मी विचारते त्यांना,’ जेवणानंतर मी वंदनाला म्हटलं.

‘नाही मॅडम, मलेच इचाराचं हाय. तुमी इचारसान तं ते तुमच्याकडं पाहून सांगतीन.’

दुसऱ्या दिवशी तिनं नमस्कारही न करता तो प्रश्न विचारला. अचूक. तो माणूस शाळेच्या पायरीवर बसला.

‘नो. आय हेल्ड हिज हँड.’

‘हात धरला होता?’ तिनं मला विचारलं. मी मान हलवली. मग पुन्हा त्याच्याकडे वळून, ‘डिड ही से समथिंग?’

गजानन एकच शब्द म्हणत होता, तो म्हणाला. त्याचा अर्थ कुणाला विचारायचा त्याला धीर झाला नव्हता. ‘व्हॉट डज वंदू मीन?’

वंदनाच म्हणाली, ‘माय नेम.’

नाशिकला पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, ‘कशी झाली ट्रिप?’ मी बॅग रिकामी करायला घेतली. तुम्ही आर्णीला जरूर जा, हिवाळ्यात जा. मला मात्र तिथलं एकच दिसत राहतं. वंदनानं त्या माणसाला घरी नेलं, आणि तिच्या आईनं त्याचा हात किती तरी वेळ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.