प्लेटखालची फट

बेळगावातल्या आमच्या छोट्या कारखान्यात ग्रँड पियानो तयार होतात. त्यांत ओतीव लोखंडाची प्लेट बसवायचं काम पूर्वी माझा थोरला भाऊ करायचा आणि मी त्याच्या हाताखाली होतो. साऱ्या तारांचा ताण ती प्लेट पेलते, म्हणून तारा ज्यांवर गुंडाळतात त्या खुंट्यांच्या लाकडी फळीला ती नीट भिडावी लागते; फट राहिली तर सूर टिकत नाहीत. अण्णा प्लेटच्या कडेला खडू फासायचा, चेन पुलीनं ती खाली सोडायचा, परत उचलायचा आणि फळीवर खडू उमटला असेल तेवढंच लाकूड तासायचा. असं दिवसभर चालायचं, कधी तीन दिवस.

नव्या मॅनेजरला हे पटेना. "फट राहिली तर एपॉक्सी भरा," तो म्हणाला.

"मी न्हाय भरणार," अण्णा शांतपणे म्हणाला.

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी भरतो, साहेब."

महिन्याभरात अण्णाला काढलं आणि त्याची जागा मला दिली. जाताना तो एवढंच बोलला, "तुला तर सगळं ठावं हुतं रं."

आता तो शहापुरात दारांच्या चौकटी करतो. मी त्याच्या घरी गेलो की वहिनी चहा देते, पण तो आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. मी फट भरलेला एकही पियानो अजून परत आलेला नाही. एखादा आला असता, तर अण्णाचंच खरं होतं हे सांगायच्या निमित्तानं तरी मी त्याच्यापुढे उभा राहिलो असतो.