कै. वरच्या ओळीत, नाव खालच्या ओळीत

मंडळी, स्पष्टच सांगतो, आज माझ्या पोटात दुखतंय आणि त्याला जेवण कारण नाही.

नवी पेठेत लग्नपत्रिका टाईप करायला लागून मला वीस वर्षं झाली. आज मोहोळचं जुनं गिऱ्हाईक कच्ची प्रत घेऊन आलं. काल त्यांच्याच सांगण्यावरून मी अक्षर मोठं केलं होतं, त्यात ओळी सरकल्या. 'कै.' वरच्या ओळीत आजोबांच्या नावाला चिकटलं आणि वारलेल्या चुलत्यांचं नाव खाली एकटं गेलं.

"आजोबा धडधाकट हाईत की. त्यांनी हे वाचलं तर लग्नाला यायचे न्हाईत," ते म्हणाले.

मी नेहमीसारखा स्पेस मारत 'कै.' खाली ढकलत बसलो. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली रेखा शेजारून उठून आली. तिने टिंबापुढची स्पेस खोडली आणि कंट्रोल, शिफ्ट, स्पेस एकदम दाबलं. मग अक्षर लहान-मोठं करून दाखवलं. 'कै.' आणि नाव एकमेकांना सोडेनात.

"ताई, पुढची पत्रिका तुमच्याकडंच," माझं गिऱ्हाईक तिला म्हणालं.

"दादा, तुम्हाला माहीत असेलच हे," रेखा म्हणाली.

"व्हय की," मी म्हणालो.

ती डबा खायला गेल्यावर मी स्वतःच्या नावामागच्या 'श्री.'वर करून पाहिलं. पहिल्याच फटक्यात जमलं, ते जास्त लागलं.

शाबासकी उद्या देईन म्हणतो, पण उद्याही देणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही दिली असती का?